संगणकाची ओसरी : जुना हॅस्केल इंटरप्रिटर नव्या लिनक्सवर

गेल्या अंकात हॅस्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकू पाहणाऱ्यांसाठी मी ‘हॅस्केल यूजर्स गोफर सिस्टीम’ या छोट्या इंटरप्रिटरबद्दल लिहिलं होतं. आद्याक्षरांनी तो एचयूजीएस. मार्क जोन्स यांच्या १९९१ च्या गोफर या इंटरप्रिटरमधून तो निघाला. इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला आहे, प्रिल्यूड, म्हणजे भाषेसोबत येणारी मूळ लायब्ररी, अर्थातच हॅस्केलमध्ये, आणि शेवटची आवृत्ती सप्टेंबर २००६ ची. त्यावर आलेली पत्रं वाचून मला फार आनंद झाला. आपली मुलं नुसती वापरून थांबलेली नाहीत, सोर्स कोड उघडून दुरुस्त करायला आणि दुसऱ्यांसाठी पॅकेज करायला निघाली आहेत. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न : ताई, मी इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमधल्या मशीन जुन्या, चार जीबी रॅमच्या, म्हणून तुम्ही सांगितलेला इंटरप्रिटर बांधायला घेतला. माझ्या लॅपटॉपवर जीसीसी १४ हा सी कंपायलर आहे. आधी ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’च्या एरर आल्या. एक फ्लॅग घातल्यावर त्यांच्या वॉर्निंग झाल्या. मग लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणाला, त्यालाही फ्लॅग मिळाला. आता बिल्ड पूर्ण होतं, छोटी उदाहरणं चालतात, पण जरा मोठं काही दिलं की सेगमेंटेशन फॉल्ट. फ्लॅग बरोबर होते ना?
— विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : फ्लॅगमुळे कंपायलर गप्प बसला, चूक जागच्या जागी राहिली. पण तुझे दोन्ही फ्लॅग एका मापानं मोजण्यासारखे नाहीत, म्हणून वेगवेगळे घेऊ.

पहिला घातक आहे. जुन्या सीमध्ये घोषणा न करता फंक्शन वापरता यायचं. ते इंट परत देतं असं कंपायलर धरून चालायचा. १९९९ च्या प्रमाणानं ही सवलत काढून घेतली, तरी जीसीसी वर्षानुवर्षं नुसती वॉर्निंग देऊन पुढे जात राहिला. २०२४ च्या जीसीसी १४ पासून ती सरळ एरर आहे. आता ही एवढी गंभीर का, ते बघ. चौसष्ट बिटी लिनक्सवर इंट बत्तीस बिटांचा असतो आणि पॉइंटर चौसष्ट बिटांचा. घोषणा न केलेलं एखादं फंक्शन खरं तर पॉइंटर देत असेल, तर कंपायलर त्यातले खालचे बत्तीस बिट ठेवतो आणि वरचे टाकून देतो. हेक्समध्ये बारा अंकी पत्ता आला असेल तर तुझ्या हातात शेवटचे आठ अंक उरतात. त्या तुटक्या पत्त्यावर काही लिहायला गेलास की प्रोग्राम तिथेच मरतो.

मग २००६ मध्ये असल्या चुका लोकांच्या नजरेतून सुटायच्या कशा? तेव्हा घरोघरी बत्तीस बिटी मशीन होत्या, तिथे इंट आणि पॉइंटर एकाच लांबीचे. चौसष्ट बिटी मशीनवरसुद्धा प्रोग्राम एका ठरलेल्या, खालच्या पत्त्यावर लोड व्हायचा आणि हीप त्याच्या मागोमाग सुरू व्हायचा. पत्त्याचे वरचे बिट बहुधा शून्यच असायचे, ते कापले गेले तरी कुणाला कळायचं नाही. पुढे सुरक्षिततेसाठी प्रोग्राम दर वेळी वेगळ्या, उंच पत्त्यावर लोड करण्याची पद्धत आली. डेबियन लिनक्सनं २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ती डीफॉल्ट केली, आणि वर्षानुवर्षं झाकलेल्या या चुका उघड्या पडल्या. तेव्हा तो फ्लॅग काढ. एरर ज्या ज्या ओळीवर येते तिथे कोणती हेडर फाइल हवी ते मॅन पानात बघ आणि ती इन्क्लूड कर. फंक्शन त्याच प्रोग्राममधलं असेल तर त्याची घोषणा हेडरमध्ये लिही. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

याहून फसवी जागा म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट. ही स्क्रिप्ट छोटे छोटे सी प्रोग्राम कंपाइल करून बघते आणि ते जमलं की नाही यावरून सिस्टीमवर काय आहे, काय नाही, हे ठरवते. जुन्या ऑटोकॉन्फमधून आलेल्या या चाचण्यांत मेनच्या आधी इंट लिहिलेलं नसतं, एक्झिट वापरलेलं असतं पण त्याची हेडर घेतलेली नसते. जीसीसी १४ अशी चाचणी नापास करतो. कारण चाचणीच्या सीमधलं असतं, स्क्रिप्ट मात्र त्याचा अर्थ ‘ही सोय या सिस्टीमवर नाही’ असा लावते. एकही एरर न दाखवता बिल्ड पूर्ण होतं आणि तुझ्या इंटरप्रिटरमधून एखादी सोय गायब असते. म्हणून कॉन्फिग डॉट लॉग ही फाइल उघडून जिथे जिथे ‘नो’ आलंय तिथलं कारण वाच. शक्य असेल तिथे ऑटोरीकॉन्फ चालवून नव्या ऑटोकॉन्फकडून स्क्रिप्ट पुन्हा तयार करून घे. डेबियनच्या डेबहेल्पर या पॅकेज बांधणाऱ्या साधनात हे आता आपोआप होतं. त्याला कारण आहे.

दुसरा फ्लॅग मल्टिपल डेफिनिशनचा. हेडरमध्ये एक्स्टर्न न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल ठेवलं की ती हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये त्याची एक व्याख्या तयार होते. पूर्वी लिंकर त्या सगळ्या मुकाट्यानं एकत्र करायचा. २०२० च्या जीसीसी १० पासून डीफॉल्ट बदललं. इथे तू घातलेला फ्लॅग फक्त जुनी वागणूक परत आणतो, पत्ते बित्ते कापत नाही. रीतसर दुरुस्ती म्हणजे हेडरमध्ये एक्स्टर्न आणि व्याख्या एकाच सी फाइलमध्ये. ती होईपर्यंत हा फ्लॅग राहिला तरी मी हरकत घेणार नाही.

पहिली दुरुस्ती करूनही मोठ्या उदाहरणाला फॉल्ट आला, तर संशय गार्बेज कलेक्टरवर घे. या इंटरप्रिटरची सेलची (सेल म्हणजे मेमरीतला छोटा कप्पा) जागा संपत आली की तो कुठल्या सेल अजून वापरात आहेत ते शोधतो, आणि त्यासाठी सीचा स्टॅकसुद्धा चाळतो. स्टॅकवर सेलसारखं दिसणारं काहीही सापडलं की ती सेल जिवंत धरायची. दिवाळीच्या आवराआवरीत जी वस्तू कुणाची ते माहीत नसतं ती आपण टाकत नाही, तसं. अडचण येते ती ऑप्टिमायझेशनमुळे. एखादी सेल स्टॅकवर न ठेवता कंपायलरनं ती फक्त रजिस्टरमध्ये ठेवली, तर स्टॅक चाळणाऱ्याला ती दिसत नाही. तिची जागा मोकळी समजून दुसऱ्याला दिली जाते. फॉल्ट येतो तो पुढे कधीतरी, भलत्याच ठिकाणी.

असल्या कलेक्टरमध्ये रजिस्टर स्टॅकवर उतरवून घेण्याची जुनी युक्ती म्हणजे सेटजंप. आजच्या ग्लिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत, तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण चौसष्ट बिटी इंटेलवर सेटजंप काही रजिस्टर सुरक्षिततेसाठी गुंतागुंत करून साठवतं. आरबीपी हे त्यातलं एक. आणि ऑप्टिमाइझ केलेल्या कोडमध्ये आरबीपीत कुठलंही साधं मूल्य असू शकतं. बोहम यांचा प्रसिद्ध कलेक्टर जीसीसीसाठी ‘बिल्टिन अनवाइंड इनिट’ वापरतो. ते ज्या फंक्शनमध्ये लिहावं तिथे कंपायलर जपायची सगळी रजिस्टर खरोखर स्टॅकवर ठेवतो. कलेक्शन सुरू होतं त्या फंक्शनच्या तोंडाशी हे घालून बघ.

पण आधी दुखणं तेच आहे याची खात्री कर. ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवून एकदा बांध आणि दोनवर ठेवून एकदा. मग एच पर्यायानं हीप मुद्दाम लहान दे, म्हणजे कलेक्शन वारंवार होईल, आणि अधिक-जी पर्याय लाव, म्हणजे प्रत्येक वेळी किती सेल परत मिळाल्या ते दिसेल. आता एक ते हजार या आकड्यांचा गुणाकार कर, शो घेऊन त्याचा मजकूर कर आणि त्याची लेंग्थ विचार. उत्तर २५६८ आलं पाहिजे, हजार फॅक्टोरियलचे तेवढेच अंक आहेत. शून्याच्या बिल्डला दर वेळी २५६८ येत असेल आणि दोनच्या बिल्डला कधी फॉल्ट, कधी भलताच आकडा, तर समज की गाठ कलेक्टरशीच आहे.

आणि एक आग्रह. या सगळ्या दुरुस्त्या मूळ फाइलमध्ये एकत्र कालवू नकोस. क्विल्ट हे पॅच सांभाळणारं साधन वापर. हेडरचा पॅच वेगळा, एक्स्टर्नचा वेगळा, कलेक्टरचा तर वेगळाच. प्रत्येकाच्या डोक्यावर काय बदललं, का बदललं, मूळ लेखकांना कळवलं का, कधी, हे लिही. डेबियनमध्ये त्याचा ठरलेला साचा आहे. आणखी पाच वर्षांनी जीसीसी पुन्हा काहीतरी कडक करेल, तेव्हा जो कुणी हे पॅकेज उघडेल त्याला तुझा कलेक्टरचा पॅच ठेवायचा की काढायचा हे ठरवता आलं पाहिजे. कारण न लिहिलेला पॅच काढायला कुणी धजत नाही, आणि तो बरोबर आहे असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

प्रश्न : ताई, मी इंटरप्रिटरचं डेब पॅकेज तयार केलं. माझ्या मशीनवर उत्तम चालतं. मित्राला पेनड्राइव्हवर दिलं तर त्याच्याकडे ‘ग्लिबसी २.३४ सापडलं नाही’ असा एरर आला. दुसऱ्या मैत्रिणीकडे सुरू झालं, पण प्रिल्यूडच सापडेना. माझ्याकडे उबंटू २२.०४ आहे, मित्राकडे २०.०४, मैत्रिणीकडे माझ्यासारखंच २२.०४. एकाच पॅकेजचे दोन घरी दोन आजार कसे?
— वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तुमच्या पॅकेजला दोन्ही आजार आहेत, प्रत्येक घरी एकेक आधी दिसला एवढंच.

मित्राकडचा आधी. उबंटू २२.०४ मध्ये ग्लिबसी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. तुम्ही म्हणाल, मी नवीन काहीच वापरलं नाही, साधा जुना सी कोड आहे. पण प्रोग्राम सुरू करून देणारं जे ग्लिबसीतलं फंक्शन आहे त्याचीच नवी आवृत्ती २.३४ मध्ये आली, त्यामुळे २.३४ किंवा त्यापुढच्या ग्लिबसीवर बांधलेला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम २.३४ मागतो. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही, जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. म्हणून ज्या सगळ्यात जुन्या आवृत्तीवर चालायला हवं, तिथेच बांधायचं. त्यासाठी वेगळं मशीन लागत नाही. पीबिल्डर किंवा एसबिल्ड तुमच्याच मशीनवर २०.०४ ची कोरी प्रतिकृती उभी करून तिच्यात बिल्ड करतात. कोऱ्या जागेत बांधण्याचा दुसराही फायदा मोठा आहे: तुमच्या मशीनवर कधीकाळी टाकलेली एखादी लायब्ररी चुपचाप वापरली जात असेल तर तीही तिथे लगेच उघडी पडते.

खरं तर मित्राला हा एरर दिसायलाच नको होता. डेब पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीनं इन्स्टॉल करतानाच ‘तुमची लिबसी जुनी आहे’ म्हणून थांबवायला हवं होतं. ते झालं नाही याचा अर्थ कंट्रोल फाइलमधली डिपेंड्सची ओळ तुम्ही हातानं लिहिली असणार. तिथे ‘शलिब्स डिपेंड्स’ची जागा ठेवा. डीपीकेजी-शलिबडेप्स तुमची बायनरी वाचून कुठली लायब्ररी, किमान कुठल्या आवृत्तीची, हे स्वतः भरतं.

आता मैत्रिणीचं प्रिल्यूड. आपल्या लायब्ररी कुठल्या फोल्डरमध्ये आहेत हे इंटरप्रिटरला बिल्डच्या वेळी सांगितलेलं असतं आणि ते त्याच्या पोटात कोरलं जातं. तुम्ही बहुधा कॉन्फिगरला प्रीफिक्स म्हणून आपल्या होम फोल्डरमधला पॅकेजचा तात्पुरता रस्ता दिलात. तुमच्या मशीनवर तो फोल्डर अजून आहे, म्हणून चालतं. मैत्रिणीकडे तो कुठून असणार? टर्मिनलवर बायनरीला स्ट्रिंग्ज ही आज्ञा द्या आणि त्यात ‘होम’ शोधा; तुमचं स्वतःचं युजरनेम डोळ्यांसमोर येईल. प्रीफिक्स नेहमी यूएसआर हाच द्यायचा, जिथे फाइल शेवटी राहणार आहेत तो. पॅकेज करताना त्या तात्पुरत्या जागी उतरवायच्या त्या मेक इन्स्टॉलला डेस्टडिर देऊन. प्रीफिक्स पोटात कोरला जातो, डेस्टडिर कोरला जात नाही. मैत्रिणीला आजच्यापुरतं एचयूजीएसडिर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल योग्य फोल्डरकडे वळवून चालवता येईल. पण ते तिच्या गळ्यात कायमचं घालू नका. ज्याला टर्मिनल म्हणजे काय हेही नीट माहीत नाही अशा मुलानं डेबवर दोनदा टिचकी मारली आणि हॅस्केल सुरू झालं, असं पॅकेज व्हायला हवं.

प्रश्न : आदरणीय ताई, मी लष्कर भागात अकरावी-बारावीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. मराठी घरांतली मुलं आहेत, म्हणून हॅस्केलची उदाहरणं देवनागरीत देतो. जीएचसी या हॅस्केल कंपायलरसोबत येणाऱ्या जीएचसीआय इंटरप्रिटरमध्ये ‘इंदूर’ असं अवतरणात टाइप केलं तर उत्तरात तिरप्या रेघा आणि आकडे येतात. पॅकेजमध्येच काही बग आहे का?
— शिक्षक, ग्वाल्हेर

उत्तर : सर, बग नाही. तुम्ही मुलांना देवनागरीत उदाहरणं देता हे वाचून फार बरं वाटलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

प्रॉम्प्टवर नुसती स्ट्रिंग टाइप केली की जीएचसीआय ती शो करून छापतो. शोचं काम प्रोग्राममध्ये परत चिकटवता येईल असं रूप देणं हे आहे, आणि हॅस्केलच्या प्रमाणात शो आस्कीपलीकडचं प्रत्येक अक्षर त्याच्या क्रमांकानं लिहितो. ‘इंदूर’चं होतं \२३११\२३०६\२३४२\२३७०\२३५२. हे युनिकोडचे क्रमांक आहेत: इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र. मुलांना जसंच्या तसं दाखवायचं असेल तर पुटस्ट्रएलएन वापरा, ‘इंदूर’ असंच उमटेल.

मी म्हणेन, ते आकडे लपवू नका, त्यांवरच एक तास घ्या. ‘इंदूर’ची लेंग्थ विचारली तर पाच येते. आपल्या कानाला दोनच अक्षरं ऐकू येतात, इं आणि दूर, लिहिताना तीन दिसतात, यंत्र पाच मोजतं. रिव्हर्स करून पुटस्ट्रएलएनला द्या: ‘रूदंइ’ येतं. उकार र ला जाऊन चिकटला, अनुस्वार द वर जाऊन बसला. मुलांना मात्रा वेगळी साठवली जाते हे एकदा असं दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. आणि ‘क५’ अशी स्ट्रिंग, पाच इंग्रजी आकड्यात ठेवून, शो करून बघा. क चा क्रमांक २३२५, त्याच्यामागे ५ आला तर वाचणाऱ्याला २३२५५ वाटेल. म्हणून शो मध्ये एक तिरपी रेघ आणि ‘आणि’चं चिन्ह घालतो. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांनी एवढा बारकाईनं विचार केला होता, हे मुलांना आवर्जून सांगा.

एक खरी अडचण तुम्हाला येऊ शकते. पुटस्ट्रएलएनलाही ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ आलं तर लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, बघा. लँग या व्हेरिएबलमध्ये नुसतं ‘सी’ असेल तर बाहेर पडणारी अक्षरं आस्कीच असली पाहिजेत असं प्रोग्राम धरतो. ‘सी.यूटीएफ-८’ केलं की प्रश्न मिटतो. पॅकेज करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. कोऱ्या बिल्डमध्ये लोकेल बऱ्याचदा ‘सी’ असतं, त्यामुळे देवनागरीची चाचणी ठेवलीत तर रूल्स फाइलमध्ये लोकेल आधी सांगा. ठेवाच मात्र ती चाचणी. डेस्कटॉपच्या मेनूत दिसणारी जी डेस्कटॉप फाइल असते, तिच्यात नेमच्या ओळीशेजारी कंसात ‘एमआर’ लिहून मराठी नावही देता येतं. ज्याचा डेस्कटॉप मराठीत आहे त्याला ते मराठीतच दिसतं. ही एक ओळ लिहायला कुणाला जड जाऊ नये.

प्रश्न : वरचा बाण दाबला की मागची ओळ येण्याऐवजी विचित्र चिन्हं उमटतात.
— वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : ओळ संपादन करणाऱ्या लायब्ररीशिवाय बिल्ड झालंय. तिची डेव्हलपमेंट पॅकेज टाकून पुन्हा कॉन्फिगर करा, आणि वर लिहिलेली कॉन्फिग डॉट लॉगची गोष्ट इथेही बघा. निवड दोन लायब्ररींतून आहे. रीडलाइन जीपीएलखाली आहे. एचयूजीएसचा परवाना बीएसडी पद्धतीचा मोकळा आहे, त्यामुळे दोन्ही जोडता येतात, पण जोडून वाटलेल्या बायनरीला जीपीएलच्या अटी लागतात. लिबएडिट बीएसडी परवान्याची आहे आणि रीडलाइनसारखंच तोंड देते. मॅकवर तीच येते. मी पॅकेजसाठी लिबएडिट घेईन. काहीही घेतलंत तरी कॉपीराइट फाइलमध्ये ते स्वच्छ लिहा.

प्रश्न : चि. सौ. ताईंस सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो, नातवामुळे आपलं सदर वाचतो. जो इंटरप्रिटर २००६ नंतर कुणी पुढे नेला नाही, त्याच्यामागे मुलांचा वेळ का घालवायचा? नातू म्हणतो जीएचसीआय आहेच.
— एक आजोबा, इंदूर

उत्तर : आजोबा, नमस्कार. नातवाचं म्हणणं खरं आहे. नोकरीसाठी, प्रोजेक्टसाठी, आजच्या लायब्ररी वापरायला जीएचसी हवा. त्याचा इंटरप्रिटर २००१ पासून सोबत येतो. एचयूजीएस हॅस्केल ९८ आणि त्यावरचे काही विस्तार एवढंच जाणतो, आजची बरीचशी पॅकेज त्यावर चालत नाहीत. ज्याचं मशीन चांगलं आहे त्याला मी जीएचसीआयच सांगते.

तरीही मी मुलांना याच्याकडे नेते, कारण जीएचसी स्वतः हॅस्केलमध्ये लिहिलेला आहे. तो बांधायला आधीचा जीएचसी लागतो. एचयूजीएस बांधायला सी कंपायलर पुरतो, आणि सी कंपायलर मिळत नाही असं मशीन क्वचितच सापडेल. हाच विचार धरून लेनार्ट ऑगस्टसन यांनी अलीकडे मायक्रोएचएस हा छोटा हॅस्केल कंपायलर लिहिला आहे. नातवाला तोही दाखवा. दुसरं म्हणजे वाचन. रविवारी सकाळी आमच्याकडे मुलं जमतात तेव्हा आम्ही याचीच स्टोरेज ही सी फाइल मोठ्यानं वाचतो. एक मुलगा ओळ वाचतो, दुसरा फळ्यावर सेल काढतो, तिसरा बाणांनी त्या जोडतो आणि कलेक्शन आलं की पुसत जातो. टाइप ही फाइल उघडली की टाइप चेकर सुरुवातीपासून शेवटपर्यंत समोर असतो. कॉलेजात हे सगळे विषय पुस्तकातून शिकवले जातात, परीक्षेला येतात आणि विसरले जातात. इथे त्यातलं एखादं मोडलेलं असतं, आणि ते मुलांना दुरुस्त करावं लागतं. जीएचसीच्या पोटात शिरायला आणखी काही वर्षांची तयारी लागते. ह्याच्या पोटात तिसऱ्या वर्षाचा मुलगा शिरू शकतो, आणि पहिल्या प्रश्नातला मुलगा शिरलेला आहेच.

प्रश्न : पॅच तयार आहे, पण मूळ लेखक आता या कामात दिसत नाहीत. पाठवू कुणाला?
— विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर : आधी बघ की तो दुसऱ्या कुणी केलेला आहे का. डेबियन आणि फेडोरा यांच्याकडच्या जुन्या पॅकेजचे पॅच उघडे असतात, वाचायला परवानगी लागत नाही. फेडोरानं तर जीसीसी १४ च्या आधी जुना सी सुधारण्याची मोठी मोहीम काढली होती, तिथल्या दुरुस्त्या बघून हात बसतो. तुझा पॅच नवा असेल तर ज्या वितरणात हे पॅकेज आहे तिथे बग म्हणून नोंदव आणि पॅच जोड; डेबियनला ही नोंद साध्या ईमेलनं करता येते. पत्रात तीन गोष्टी हव्यात: कुठल्या जीसीसीवर, कुठली आज्ञा दिल्यावर, नेमका कुठला एरर. एररचा स्क्रीनशॉट नको, मजकूर चिकटव, म्हणजे पुढच्याला तो शोधता येईल. पॅचच्या डोक्यावरच्या ‘फॉरवर्डेड’ या ओळीत त्या नोंदीचा पत्ता लिही. कुठेच पाठवणं शक्य नसेल तर तिथे ‘नो’ लिही आणि मूळ प्रकल्पात सध्या कुणी नाही हे कारणही दे. उत्तर यायला महिने लागू शकतात. तोवर तुझं पॅकेज तुझ्या पॅचसह वाटत राहा.